घोळ का मरत नाही आणि पऱ्हाटी का सुकते? पिकांच्या सहनशक्तीचं विज्ञान, सोप्या भाषेत

ऑगस्टचा तिसरा आठवडा. यवतमाळ जिल्ह्यातलं कुठलंही कोरडवाहू वावर डोळ्यांसमोर आणा. पंधरा-अठरा दिवस पाऊस नाही. काळ्या मातीला बोटभर रुंद भेगा पडल्यात. दुपारी बारानंतर पऱ्हाटीची पानं खाली मान घालतात, सोयाबीन पानांची पाठ वर करतं. पण धुऱ्यावर आणि दोन ओळींच्या मध्ये एक बुटकं, लालसर देठाचं, मांसल पानांचं तण मात्र टवटवीत असतं. निंदणाऱ्या बायांनी ते मुळासकट उपटून बाजूला फेकलं तरी चार दिवसांनी तिथंच परत रुजलेलं दिसतं.

ही घोळ. आपण तिची भाजी करतो, बाजारात रानभाजी म्हणून विकतो आणि वावरात दिसली की तण म्हणून उपटतो.

एकच वावर, एकच ऊन, एकच कोरडी माती. मग एक झाड सुकतं आणि दुसरं हसतं, असं का? आणि घोळीकडे जे आहे ते कापसाला देता आलं तर? जगभरातले वनस्पतिशास्त्रज्ञ गेली काही दशकं नेमक्या याच प्रश्नावर काम करतायत. त्यातलं बरंच काम भारतात, काही तर आपल्या महाराष्ट्रात झालंय. आज हे सगळं नीट समजून घेऊया. कारण "दुष्काळ सहनशील" असं छापलेलं पाकीट किंवा बाटली विकत घेण्याआधी हे माहीत असणं पैशाच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे.

## आधी "ताण" म्हणजे काय ते पाहू

शेतीच्या भाषेत ताण दोन प्रकारचा असतो.

- जैविक ताण: कीड, बुरशी, जिवाणू, विषाणू, तण. म्हणजे ज्याला जीव आहे, त्याच्यामुळे होणारा त्रास. गुलाबी बोंडअळी यातच आली.
- अजैविक ताण: पाणी कमी, पाणी जास्त, उष्णता, थंडी, क्षार. म्हणजे हवा, पाणी आणि माती यांच्यामुळे होणारा त्रास.

इथेच एक मोठा गैरसमज दूर करू. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्या बियाण्यात घातलेला जनुक एका जिवाणूकडून घेतलेला आहे आणि त्याचं काम एकच: बोंडअळीला मारक प्रथिन तयार करणं. म्हणजे तो जैविक ताणावरचा इलाज होता. बीटी जनुकाचा पावसाच्या खंडाशी काहीही संबंध नाही. "महागाचं बीटी बियाणं घेतलं, तरी पाण्याअभावी पाते गळाले" यात बियाण्यानं फसवलं असं नसतं. ते काम त्याला कधी दिलेलंच नव्हतं.

यवतमाळचा प्रश्न विशेष अवघड आहे. इथे वर्षाला साधारण ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा पाहिला तर हा काही दुष्काळी पट्टा वाटत नाही. पण तो पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मध्ये मोठे खंड पडतात. त्यात माती काळी, चिकण. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. भेग पडताना कोवळी मुळं अक्षरशः तुटतात. शिवाय चिकणमाती पाणी इतकं घट्ट धरून ठेवते की मातीत ओल दिसत असूनही मुळांना ती ओढता येत नाही. आणि जोराचा पाऊस आला की हीच माती पाणी झिरपू देत नाही, वावर तुंबतं.

म्हणजे एकाच हंगामात, एकाच झाडाला आधी तहानेनं आणि मग पाण्यात बुडून, असा दोन्ही बाजूंनी मार बसतो.

## झाडाला पाणी संपतंय हे कळतं कसं?

झाडाला मेंदू नाही, पण निरोप पाठवायची व्यवस्था आहे. माती कोरडी पडू लागली की मुळांत आणि पानांत ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. पानांवर लाखो बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. हे संप्रेरक पर्णरंध्रांपर्यंत पोचलं की ती मिटतात. दारं बंद, वाफ बंद, पाण्याची बचत सुरू.

गंमत म्हणजे या संप्रेरकाचा शोध कापसातच लागला. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी कापसाची कोवळी बोंडं का गळतात याचा शोध घेत होते. त्या कोवळ्या बोंडांतून त्यांनी एक पदार्थ वेगळा काढला. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये फिलिप वेअरिंग यांचा गट झाडांच्या कळ्या हिवाळ्यात झोपी कशा जातात हे शोधत होता. दोघांच्या हाती आलेला पदार्थ एकच निघाला. पुढे कळलं की गळीचं मुख्य काम इथिलीन नावाचा वायू करतो, आणि या आम्लाचं खरं महत्त्व पाण्याचा ताण हाताळण्यात आहे. पण नाव मात्र गळीवरून पडलं ते तसंच राहिलं.

आता दारं बंद करण्याची किंमत काय, ते बघा. त्याच दारातून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्यापासूनच झाड साखर बनवतं. दार लावलं की पाणी वाचतं, पण चूलही विझते. शिवाय पानातून वाफ जाणं म्हणजे माठाला पाझर सुटण्यासारखं आहे. त्यानं पान थंड राहतं. पाझर थांबला की पान तापतं. साखर नाही, वर उष्णता, म्हणून झाड खर्च कमी करतं. आणि सगळ्यात आधी काय टाकून देतं? पाते आणि लहान बोंडं.

शेतकऱ्याला जी पातेगळ दिसते, ती झाडाच्या दृष्टीनं काटकसर आहे. सगळी लेकरं जगवता येत नाहीत, तेव्हा जेवढी जगतील तेवढीच ठेवायची.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे सारखा लागणार आहे: झाडाचं जगणं आणि झाडाचं पिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## ताणाशी सामना करण्याच्या तीन रीती

जगातल्या सगळ्या वनस्पती पाण्याच्या ताणाला साधारण तीन प्रकारे तोंड देतात. तिन्हींची उदाहरणं आपल्याच वावरात आहेत.

१. चुकवणं. ताण यायच्या आत आपलं आयुष्य उरकून घ्यायचं. मूग आणि उडीद हेच करतात. साठ-सत्तर दिवसांत शेंगा भरून मोकळे.

२. टाळणं. कोरड्या दिवसांतही पाणी मिळवत राहायचं किंवा वाचवायचं. तुरीचं मूळ खोल जातं. वरची माती वाळली तरी खालची ओल तिला सापडते. म्हणूनच पऱ्हाटीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ टाकण्याची जुनी पद्धत आजही टिकून आहे. सगळं गेलं तरी तूर काहीतरी देऊन जाते.

३. सोसणं. पेशीतलं पाणी खरंच कमी झालं, तरी आतली यंत्रणा बिघडू द्यायची नाही. मटकी यात पटाईत आहे.

बियाण्याच्या पाकिटावर "सहनशील" असा एकच शब्द असतो. पण या तिघांपैकी नेमकं काय, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. लवकर येणारं वाण उशिराचा दुष्काळ चुकवतं, पण ऑगस्टच्या खंडात तेही इतरांसारखंच सुकू शकतं.

## मटकीचा जनुक आणि तंबाखूचं रोप

सोसण्याचं रसायनशास्त्र समजून घ्यायला स्वयंपाकघरात चला. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की थोड्या वेळानं त्यांना पाणी सुटतं. कारण पाणी नेहमी कमी विरघळलेल्या बाजूकडून जास्त विरघळलेल्या बाजूकडे जातं. बाहेर मीठ जास्त, म्हणून कैरीतलं पाणी बाहेर.

कोरड्या किंवा खारट मातीत मुळांची अवस्था त्या फोडीसारखी होते. यावर उपाय एकच: बाहेरच्यापेक्षा आत जास्त काहीतरी विरघळवून ठेवायचं. पण आत नुसतं मीठ साठवलं तर पेशीची यंत्रणाच बिघडेल. म्हणून वनस्पती निरुपद्रवी पदार्थ साठवतात. काही साखरा, काही अमिनो आम्लं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे प्रोलिन.

प्रोलिन बनवणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचा जनुक शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये वेगळा केला, तो कुठून? आपल्या मटकीतून. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात देशपाल वर्मा यांच्या प्रयोगशाळेत हे काम झालं. तीन वर्षांनी, १९९५ मध्ये, त्याच प्रयोगशाळेतून पी. बी. कवी किशोर आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. त्यांनी मटकीचा तो जनुक तंबाखूच्या रोपात घातला होता. त्या रोपांत नेहमीपेक्षा १० ते १८ पट जास्त प्रोलिन तयार झालं. ताण दिल्यावर त्यांची मुळं आणि फुलं साध्या रोपांपेक्षा चांगली राहिली.

जगभर या निबंधाची चर्चा झाली. हा जनुक पुढे भात, गहू अशा कितीतरी पिकांत घालून पाहिला गेला. पण सोबत शंकाही आल्या. वाढलेलं प्रोलिन खरंच पाणी धरून ठेवण्याइतकं असतं का? की ते पेशीतली प्रथिनं सांभाळण्याचं आणि ताणात तयार होणारे घातक ऑक्सिजन रेणू आवरण्याचं काम करतं? आज बहुतेक जण मानतात की प्रोलिनची कामं अनेक आहेत. आणि अनेकदा प्रोलिन वाढलेलं दिसणं हे झाडाला ताण आल्याचं लक्षण असतं. त्यावरून झाड सहनशील ठरत नाही.

म्हणून उद्या कोणी तुम्हाला सांगितलं की "आमच्या औषधानं झाडात प्रोलिन वाढतं", तर लगेच भारावून जाऊ नका. विचारा: बोंडं किती वाढली?

## पुणे, ट्रॉम्बे आणि खारट पाण्यात खूश राहणारी वेल

आता महाराष्ट्रातलं काम पाहू. आपल्या समुद्रकिनाऱ्यावर, खारफुटीच्या आसपास एक जमिनीलगत पसरणारी वनस्पती उगवते. तिचं शास्त्रीय नाव सेसुव्हियम पोर्टुलाकास्ट्रम. दिसायला घोळीसारखीच: मांसल पानं, लालसर देठ. नावातला "पोर्टुलाका" हा भागही घोळीच्या शास्त्रीय नावावरूनच आलाय, पण कूळ वेगळं.

पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले डॉ. टी. डी. निकम, त्यांच्यासोबत डॉ. विनायक लोखंडे आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले डॉ. पेन्ना सुप्रसन्ना यांनी या वनस्पतीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २००९ मध्ये त्यांनी तिची भारतातली ठिकाणं, लागवड आणि उपयोग यांवर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. नंतर ऊतिसंवर्धनानं वाढवलेली रोपं मीठ दिल्यावर काय करतात, हे त्यांनी पेशीच्या पातळीवर तपासलं.

त्यातून कळणारी मुख्य गोष्ट अशी. साधं पीक मीठ बाहेर ठेवण्यासाठी झगडतं आणि हरतं. ही वनस्पती मीठ आत घेते, पेशीतल्या रिक्तिका नावाच्या कोठारात कोंडते आणि त्याच मिठाच्या जोरावर पाणी ओढते. म्हणजे शत्रूलाच कामाला लावते. थोडं मीठ असेल तर ती बिनमिठाच्या मातीपेक्षा जास्त चांगली वाढते, आणि समुद्राच्या पाण्याइतक्या खारटपणातही जगते.

उपयोग काय? तिची कोवळी पानं खाता येतात, जनावरांना चारा होतो आणि मातीतलं मीठ पानांत साठवून घेत असल्यामुळे खारावलेली जमीन सुधारण्यासाठी तिचा विचार होतो. यवतमाळला खारेपणाचा प्रश्न मोठा नाही. पण शेजारी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीचं खोरं आहे, तिथल्या खारपाणपट्ट्यातला शेतकरी हा प्रश्न रोज जगतो.

ट्रॉम्बेचं नाव विदर्भाच्या शेतकऱ्याला तसं नवीन नाही. टीएयू-१ उडीद, टीएएमएस-३८ सोयाबीन, पीकेव्ही-तारा तूर ही वाणं भाभा केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून दिलेली आहेत. बियाण्यावर गॅमा किरण सोडले की त्यातल्या काही दाण्यांच्या जनुकांत बदल होतात. हजारो रोपांतून चांगला बदल झालेलं रोप निवडायचं आणि पिढ्यान्‌पिढ्या पारखायचं. त्या धान्यात किरणोत्सर्ग उरत नाही, ही शंका मनातून काढून टाका.

बारामतीजवळ माळेगावला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थाही आहे. तिचं कामच मुळी पाणी, उष्णता आणि माती यांच्या ताणावर आहे.

## मग घोळीचं गुपित काय?

आता परत धुऱ्यावर येऊ.

बहुतेक पिकं साखर बनवताना दोनपैकी एक पद्धत वापरतात. कापूस, सोयाबीन, तूर, गहू, भात यांची पद्धत जुनी आणि साधी आहे, पण उन्हाळी दिवसांत ती पाण्याची उधळपट्टी करते. ज्वारी, मका आणि ऊस यांच्याकडे सुधारलेली पद्धत आहे. ती कार्बन डायऑक्साइड आधी एका जागी गोळा करते आणि मग दाटपणे कामाला लावते. त्यामुळे कमी पाण्यात जास्त साखर होते. शास्त्रज्ञ या दोन पद्धतींना सी-थ्री आणि सी-फोर म्हणतात.

तिसरी पद्धत निवडुंग आणि पानफुटीची. दिवसा दारं बंद. रात्री हवा गार असताना दारं उघडायची, कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवायचा. दिवसा दार न उघडता त्याच साठ्यावर साखर करायची. या पद्धतीचा पहिला सुगावा भारतातच लागला होता. मद्रासकडे काम करणाऱ्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की पानफुटीचं पान सकाळी चावलं तर आंबट लागतं आणि दुपारी त्याची आंबट चव जाते. ही नोंद त्यानं १८१५ च्या सुमारास लंडनला कळवली.

घोळीची कमाल ही की पाणी असेल तेव्हा ती ज्वारीसारखी सी-फोर पद्धत वापरते, आणि पाणी संपलं की त्यावर पानफुटीची रात्रपाळी जोडते. या दोन पद्धती एका पानात नांदू शकत नाहीत, असं बराच काळ मानलं जात होतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की घोळीत त्या दोन्ही नुसत्या शेजारी नसतात, तर एकाच पेशीत एकमेकींत गुंफलेल्या असतात. रात्रपाळीनं जमा केलेला माल सरळ दिवसपाळीच्या यंत्रात जातो.

हे तुम्ही घरीही पडताळू शकता. कुंडीत घोळ लावा. एका कुंडीला रोज पाणी द्या, दुसरीचं आठ-दहा दिवस तोडा. मग पहाटे दोन्हींचं एकेक पान धुऊन चाखा आणि संध्याकाळी परत चाखा. तहानलेल्या घोळीचं पहाटेचं पान जास्त आंबट लागायला हवं.

भाजी म्हणूनही ती गुणी आहे. पालेभाज्यांत क्वचित सापडणारं ओमेगा-३ प्रकारचं मेदाम्ल तिच्यात चांगल्या प्रमाणात असतं. मात्र तिच्यात ऑक्झलेटही भरपूर असतं, म्हणून मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेतानंच खावी. आणि ज्या वावरात नुकतंच तणनाशक किंवा कीटकनाशक मारलंय, तिथली घोळ घरात आणू नका.

## मग घोळीचे जनुक कापसात का घालत नाहीत?

हा प्रश्न मनात आलाच असेल. उत्तर तीन भागांत आहे.

पहिलं: हे एका जनुकाचं काम नाही. बीटी कापसात एक-दोन जनुक घालून भागलं, कारण तिथे एक प्रथिन बनवायचं होतं. घोळीची पद्धत म्हणजे शेकडो जनुकांनी, दिवस-रात्रीच्या वेळेनुसार, योग्य पेशीत काम करणं. एक पुर्जा आणून गाडी होत नाही.

दुसरं: घोळ जगते, पण बोंडं भरत नाही. रात्रपाळीवर जीव तगतो, भरघोस पीक येत नाही. शेतकऱ्याला डिसेंबरमध्ये हिरवं झाड नको असतं, कापूस हवा असतो.

तिसरं: प्रयोगशाळेतला ताण वेगळा आणि वावरातला वेगळा. कुंडीत पाणी तोडणं सोपं आहे. वावरात मात्र आधी खंड, मग ढगफुटी, मधे रसशोषक किडी, असं सगळं एकत्र येतं.

तरीही काम पुढे सरकतंय. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं जनुकीय संपादनानं तयार केलेली भाताची दोन वाणं जाहीर केली. त्यातल्या पुसा डीएसटी राईस-१ मध्ये बाहेरचा जनुक घातलेला नाही. भाताच्याच अंगातला, सहनशक्तीला लगाम घालणारा एक जनुक बंद केलाय. त्यामुळे पानावरची पर्णरंध्रं कमी होतात आणि पाणी कमी उडतं. या वाणांच्या चाचण्यांच्या आकडेवारीवर पुढे काही संघटनांनी आक्षेपही घेतले. विज्ञानात असे आक्षेप येणं चांगलंच. शेवटचा निकाल शेतात लागतो.

## आपल्याच घरातला जुना गडी: देशी कापूस

कापसात सहनशक्ती शोधायची तर फार लांब जायची गरज नाही. वऱ्हाडात शेकडो वर्षं जो कापूस पिकत होता तो देशी, शास्त्रीय नाव गॉसिपियम आर्बोरियम. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे इंग्रजांच्या काळात टाकली गेली ती मुख्यतः इथला कापूस बाहेर नेण्यासाठी. स्वातंत्र्याच्या वेळी देशातलं बहुतेक कापूस क्षेत्र देशी वाणांखाली होतं.

आज आपण लावतो तो अमेरिकन कापूस, गॉसिपियम हिर्सुटम. १९७० मध्ये सुरतच्या केंद्रातून सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला, आणि त्यानंतर संकरितचं राज्य आलं. दोन्हींत फरक काय?

- देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रं, अमेरिकनमध्ये ५२. म्हणून दोघांचा सरळ संकर सहजी जमत नाही.
- देशीचं मूळ खोल आणि चिवट. पावसाचा खंड आणि तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडी तो तुलनेनं बऱ्या सोसतो.
- पण बोंड लहान, धागा आखूड. बोंड उमललं की कापूस लवकर खाली गळतो, म्हणून वेचणी वारंवार करावी लागते आणि मजुरी वाढते.

म्हणजे देशी कापूस हरला तो वावरात हरला नाही, तो जिनिंग आणि गिरणीच्या दारात हरला. अकोल्याच्या विद्यापीठाची एकेए-७, एकेए-८ सारखी वाणं आणि परभणीच्या विद्यापीठाचं लांब धाग्याच्या देशी कापसावरचं काम ही उणीव भरून काढण्यासाठीच आहे. हलक्या, उथळ जमिनीवर त्याचा विचार जरूर करावा, पण आधी बाजारात तो कोण आणि काय भावानं घेणार हे विचारून मगच.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं दुसरी वाटही सुचवली आहे: कमी कालावधीचं, आटोपशीर वाण दाट लावायचं. म्हणजे पहिली रीत, चुकवणं. लांब कालावधीच्या संकरित पऱ्हाटीची बोंडं भरतात तेव्हा पाऊस परतलेला असतो. बोंडं आधीच भरली, तर उथळ जमिनीतली ओल पुरते आणि गुलाबी बोंडअळीलाही उशिरापर्यंत खाद्य मिळत नाही.

## पाणी असूनही झाड का सुकतं?

दीर्घ खंडानंतर जोरदार पाऊस येतो. शेतकरी खूश होतो. आणि दुसऱ्या दिवशी बोंडांनी लगडलेली, सगळ्यात जोमदार झाडं एकाएकी मान टाकतात. याला आकस्मिक मर म्हणतात. बरेच जण बुरशी समजून बुरशीनाशक आणायला धावतात. पण ही मर रोगजंतूमुळे होत नाही.

मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. माती तुंबली की तिच्यातली हवा निघून जाते, मुळांचं काम थांबतं आणि पाण्यात उभं राहूनही झाड तहानतं. त्याच वेळी झाडात इथिलीन वाढतं, त्यानं पानं लोंबतात आणि पाते गळतात. भाताच्या मुळांत हवेच्या नळ्या असतात, म्हणून तो चिखलात आनंदानं राहतो. कापसात त्या नाहीत.

इलाज घड्याळावर चालतो. तुंबलेलं पाणी आधी बाहेर काढा. लक्षणं दिसल्यापासून काही तासांत कोबाल्ट क्लोराईडची १० लिटर पाण्याला १०० मिलिग्रॅम या प्रमाणात फवारणी सुचवली जाते, कारण कोबाल्ट इथिलीन बनण्याच्या शेवटच्या पायरीत अडथळा आणतं. मात्रा इतकी सूक्ष्म आहे की अंदाजानं टाकू नका, कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. दोन-तीन दिवस उलटले की उपयोग नाही.

## आज, या हंगामात काय करता येईल?

- जमिनीची खोली आधी बघा. वीतभर मातीखाली मुरूम असेल तर लांब कालावधीचं वाण तिथे तग धरणार नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.
- उताराला आडवी पेरणी करा आणि शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या काढा. खंडात ओल टिकते, जास्त पावसात निचरा होतो. दोन्ही ताणांवर हा एकच आणि जवळजवळ फुकटचा इलाज आहे. सोयाबीनला रुंद वरंबा सरी.
- हलकी डवरणी करून भेगा बुजवा. भेगेतून वाफ जाते आणि मुळं तुटतात.
- खंड लांबला तर १ टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी सुचवली जाते. पोटॅश पर्णरंध्रांच्या उघडझापीला लागतं, म्हणून त्याचा आधार होतो. पण ते पाण्याची जागा घेत नाही.
- कुठलीही फवारणी हातमोजे, मास्क घालून आणि वाऱ्याची दिशा बघूनच करा. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. टॉनिक, कीटकनाशक आणि खत एकाच पंपात मिसळणं हा जिवाशी खेळ आहे.

## पाकीट हातात घेण्याआधी विचारायचे चार प्रश्न

१. ताण कोणता? पाणी कमी, पाणी जास्त, की कीड?
२. कसा सहन करतं? चुकवतं, टाळतं की सोसतं?
३. चाचणी कुठे झाली? कुंडीत, बागायती शेतात, की आपल्यासारख्या कोरडवाहू काळ्या मातीत?
४. नुसतं झाड हिरवं राहिलं, की उत्पन्न वाढलं? किती हंगाम बघितलं?

चौथ्या प्रश्नावर बहुतेक विक्रेते गप्प होतात. मग यवतमाळच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. आणि तरीही घ्यायचंच असेल, तर पहिल्या वर्षी चार ओळींवर वापरा, शेजारच्या चार ओळी तशाच सोडा आणि वेचणीच्या वेळी दोन्हींचा कापूस वेगवेगळा तोला. मोठ्या संस्थांतला शास्त्रज्ञही शेवटी हेच करतो. त्याच्याकडे तराजू जरा महागाचा असतो, एवढंच.

बाकी, पुढच्या खंडात धुऱ्यावर घोळ दिसली तर उपटण्याआधी एक पान तोंडात टाकून बघा. पहाटे.